गाळलेला कर्ता

नळ कशानेही गळत असो, तो आधी म्हणायचा, "वायसर गेलंय." नळाच्या पोटातली ती रबराची चकती शंभरातल्या नव्वद वेळा खरंच गेलेली असायची. उरलेल्या दहा वेळा तो ती बदलायचा, नळ तरीही गळायचा, आणि मग तो खाली बसून खरं दुखणं शोधायचा. यावरून त्याचं नावच वायसर पडलं. त्याने ते आनंदाने लावून घेतलं. त्याच्या बायकोला मात्र कुणी वायसरबाई म्हटलं, की ती शिवणयंत्रावरून अशी बघायची की म्हणणाऱ्याने पुढचे कपडे दुसरीकडे शिवायला टाकावेत.

वायसरला दोन गोष्टींचा अभिमान होता. तीस वर्षांत त्याच्या हातून एकही बेसिन तडकलं नव्हतं. आणि त्याला लेखक भेटायचे.

तसं त्यात नवल काही नव्हतं. शहरात लेखक पुष्कळ आणि पाइप जुने. ज्यांना भेटायला लोक महिनाभर आधी पत्र लिहायचे, ते वायसरसाठी सकाळी सात वाजता बनियनवर दार उघडायचे. त्यांनी काय लिहिलंय हे त्याला माहीत नसायचं. त्याला लेखक कळायचे ते बेसिनखालच्या वाकड्या नळीतून. तिथे चहाची पत्ती अडकलेली असायची, केस असायचे, औषधाच्या गोळ्यांचं वेष्टण असायचं. एका समीक्षकाच्या नळीत त्याला अख्खा दात सापडला होता. धुऊन परत दिला तर समीक्षक म्हणाला, हा माझा नाही.

नदीवर तीन खंडांची कादंबरी लिहिलेले एक थोर कादंबरीकार होते. त्यांच्या घरात घोट्याभर पाणी साचलं तेव्हा ते खुर्चीवर उभे होते, हस्तलिखित डोक्यावर धरून. आयुष्यभर नदी लिहिलेल्या या माणसाने वायसरला विचारलं, "पण हे पाणी येतं कुठून?" मुख्य कॉक कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. कुठल्याच लेखकाला नसतं, असं वायसरचं मत होतं. एक कथालेखिका पुढे सरकून म्हणाली, "नळ दुरुस्त करताना तुमच्या मनात नेमकं काय चाललेलं असतं?" वायसर म्हणाला, "वायसर." तिने ते वहीत टिपून घेतलं. पुढे एका मासिकात ते आलं. तिथे त्या उत्तराचं नाव 'श्रमिकाचं मौन' असं झालं होतं.

आणि एक नाटककार त्याला लिफ्टमध्ये भेटला. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली. आत हे दोघेच. अंधारात नाटककाराला रडू फुटलं, वायसरने त्याला धीर दिला, आणि बाहेर पडताना नाटककाराने आपला रुमाल आठवण म्हणून त्याला देऊन टाकला. तो रुमाल वायसरच्या हत्यारांच्या पिशवीत घडी करून ठेवलेला असायचा. कोपऱ्यावर दोन अक्षरं दोऱ्याने भरलेली होती. कुणी शंका घेतली की तो रुमाल काढायचा.

शंका घेणाऱ्यांत त्याची बायको पहिली. "काल लिफ्ट किती वेळ अडकली होती?"

"काल नाही गं, त्याला सात वर्षं झाली. चाळीस मिनिटं."

"गेल्या वर्षी पंचवीस होती." ती यंत्रातून कापड ओढून घ्यायची. "लहान मुलांच्या कपड्यांना कसं आत कापड सोडून ठेवतात, वाढत्या अंगाचं म्हणून? तशी तुमची गोष्ट. दर वर्षी उसवायची आणि मोठी करायची."

कादंबरीकारांनी पाण्यात उभं राहून स्वतःच्या हाताने चहा करून दिल्याची गोष्ट आली, की ती यंत्र थांबवायचीच. "आज साखर किती घातली त्यांनी?"

मुलगी मात्र ऐकायची. ती लहान होती तेव्हा गोष्टीसाठी ऐकायची, मोठी झाल्यावर बापासाठी. तो बोलताना त्याच्या हातांवर गंज आणि पांढरा लेप असायचा, आणि तोंडात थोर माणसं असायची. दोन्ही एकाच माणसाची आहेत याची तिला गंमत वाटायची.

या सगळ्यांत सर्वांत मोठी गोष्ट कवीची. बारा वर्षांपूर्वीची.

कवी तेव्हाच मोठा होता. त्याच्या बाथरूममधला बेसिनचा नळ बंद होईना. वायसर बेसिनखाली उताणा पडला होता, दातांत बॅटरी धरून, कारण दोन्ही हातांत पाना होता. कवी वर उभा राहून दाढी करत होता; नळ बंद करायचा होता, पण दाढीला पाणीही हवं होतं. वायसरने वायसर बदललं. नळ गळतच राहिला. मग त्याला दिसलं, की नळाच्या दांड्याचे आटेच झिजलेत. बॅटरी न काढता तो म्हणाला, "आटे गेले की कितीही पिळा, पकड येत नाही."

वरून आवाज आला, "काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

त्याने पुन्हा म्हटलं. बॅटरी दातांतच होती.

कवीने वस्तरा ठेवला आणि अर्ध्या गालावरचा फेस तसाच घेऊन तो बाहेर गेला. वायसर नवा दांडा बसवून निघाला तेव्हा फेस वाळला होता आणि कवी लिहीत होता. उरलेली दाढी त्याने कधीच केली नाही. आज कवीची जी पांढरी दाढी सगळ्या फोटोंत असते, ती आपल्यामुळे आहे, असं वायसर सांगायचा. यावर त्याची बायकोसुद्धा नुसती यंत्राला तेल घालायची.

पुढच्या वर्षी कविता छापून आली. पहिलीच ओळ होती: आत गेले की कितीही पिळा, पकड येत नाही.

ती गाजली. 'पिळा' मध्ये समीक्षकांना यातना दिसली, 'पकड' मध्ये संसार. पण खरा गाजला तो न दिसलेला शब्द. आत कोण गेले? प्राण गेले, शब्द गेले, की आपणच गेलो? कवीने कर्ता गाळला होता. यावर चर्चासत्रं झाली. कर्ता नसणं हाच या कवितेचा कर्ता आहे, असं एक प्राध्यापक म्हणाले. ते वाक्यही पुढे बरंच उचललं गेलं. आणि शेवटी ती कविता दहावीच्या पुस्तकात आली, फोटोसकट.

मुलीने पुस्तक बापापुढे धरलं. वायसरने ओळ वाचली. मोठ्याने वाचली. मग म्हणाला, "ट राहिला."

"काय?"

"आटे. मी 'आटे गेले' म्हणालो होतो. स्क्रूचे आटे. यांनी 'आत' ऐकलंय. बॅटरी होती ना तोंडात."

मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. आणि चाचणी परीक्षेत 'कवीने कर्ता का गाळला आहे, ते स्पष्ट करा' हा प्रश्न आला तेव्हा तिने सरळ लिहिलं, की कर्ता गाळलेला नाही, कर्ता 'आटे' आहे, कवींना नीट ऐकू आलं नाही, आणि हे ज्यांनी म्हटलं ते माझे वडील आहेत.

नुसतं शून्य मिळालं असतं तर चाललं असतं. मराठीच्या बाईंनी ते उत्तर वर्गात वाचून दाखवलं. त्या दिवसापासून वर्गात तिला आटे म्हणू लागले. आटे आली, आटे गेली. 'गेली' वर जोर. बाईंनी वायसरलाही बोलावून घेतलं आणि फार समजूतदारपणे सांगितलं, "मुलगी हुशार आहे तुमची. तुमचंही कौतुक वाटतं मला, इतकं वाचनाचं वातावरण घरात. पण मुलांना घरी असं काहीबाही सांगू नका. ती विश्वास ठेवतात."

घरी मुलगी वाट बघत होती.

"बाबा, एकच सांगा. ते खरं होतं?"

"खरंच होतं."

"लिफ्टसारखं खरं, की खरं खरं?"

 वायसरने सवयीने पिशवीकडे हात नेला, आणि तिथे फक्त रुमाल आहे हे त्याच्या लक्षात आलं. कवीने त्याला काहीच दिलं नव्हतं. घेतलं मात्र होतं.

"त्यांनी स्वतः सांगितलं, तर मानशील?"

"सांगतील?"

"न सांगायला काय झालं? चांगला माणूस आहे."

कवीच्या घरी असंच जाण्याचा त्याला धीर झाला नाही. नळ गळत नसताना कुणाच्या दारात उभं राहायची त्याला सवय नव्हती. पण दीड महिन्याने डोळे तपासायला तो दवाखान्यात गेला. नर्सने डोळ्यांत थेंब घातले, वर कापूस ठेवला आणि बजावलं, वीस मिनिटं डोळे उघडायचे नाहीत, उघडले तर पुन्हा थेंब. बाकावर रांगेने माणसं बसली होती, सगळी मिटलेली. शेजारून आवाज आला, "सिस्टर, माझा कापूस फार भिजलाय. बदलून मिळेल का?"

हा आवाज वायसरने रेडिओवर ऐकला होता, आणि त्याआधी बेसिनखालून.

"साहेब," तो म्हणाला, "बाथरूममधला नळ कसा आहे आता?"

बाक एकदम हलला. डोळे मिटून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला अंधारातून कुणी असं विचारलं, तर आपण मेलो की काय अशी शंका त्याला येऊ शकते.

"कोण?"

"वायसर. बारा वर्षांपूर्वी आलो होतो. तुमची दाढी अर्धी झाली होती."

"अच्छा. नळवाले."

"ती तुमची ओळ, साहेब. 'आत गेले'. मी 'आटे गेले' म्हणालो होतो."

"आटे? आटे म्हणजे काय?"

वायसरला धक्काच बसला. नीट ऐकू आलं नसेल, एवढंच तो इतके दिवस समजत होता. शब्दच माहीत नसेल हे त्याच्या मनात आलं नव्हतं. "स्क्रूवर असतात ना, गोल गोल चढत गेलेले? त्यांनीच पकड येते. झिजले की दांडा नुसता फिरतो." त्याने हवेत बोट फिरवून दाखवलं. बघणारं कुणी नव्हतं.

"आटे," कवी हळूच म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला. "चांगला शब्द आहे हो. तेव्हा माहीत असता तर..."

"मग पुढच्या छपाईत घाला की दुरुस्त करून."

"दुरुस्त?" कवी दचकला. "नऊ भाषांत गेलीय ती ओळ. एका बाईंनी गाळलेल्या कर्त्यावर चारशे पानांचा प्रबंध लिहिलाय. विभागप्रमुख आहेत आज. त्यांना काय सांगू, कर्ता बेसिनखाली पडलाय म्हणून?"

"त्यांना नका सांगू. माझ्या मुलीला सांगा. दोन ओळींची चिठ्ठी द्या."

"मी चिठ्ठ्या देत नाही. माझ्या चिठ्ठ्या लोक छापतात."

"मग तोंडी सांगा. फोनवर."

कवीने आवाज खाली आणला. भाषणात जिथे लोक वही उघडतात तिथला तो आवाज होता. "हे बघा, तुम्ही बोललात ते नळाबद्दल. मी ऐकलं ते माणसाबद्दल. ओळ बोलणाऱ्याची नसते, ऐकणाऱ्याची असते."

"पण मुलगी माझी आहे," वायसर म्हणाला.

"आजोबा, बोलू नका," नर्स ओरडली. "डोळ्यांतून पाणी येतंय." कोणत्या आजोबांच्या, ते तिने सांगितलं नाही. मग कवीचा नंबर लागला. वायसरने कापूस काढला तेव्हा जग पातळ झालं होतं आणि त्यातून एक पांढरा डाग दाराकडे चालला होता. ती दाढी होती.

घरी त्याने सगळं सांगितलं. एक शब्द वाढवला नाही.

बायकोने विचारलं, "म्हणजे ते तुम्हाला दिसले नाहीत?"

"डोळे मिटलेले होते ना."

"आणि त्यांना तुम्ही?"

"त्यांचेही मिटलेले होते."

शिवणयंत्र थांबलं. बायको पदर तोंडावर घेऊन हसत सुटली. "अहो, निदान एकाचे तरी उघडे ठेवायचे!"

मुलगी हसली नाही. "बाबा, पुरे आता," एवढंच म्हणाली आणि पुस्तक घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने गोष्ट जशीच्या तशी आणली होती, आणि नेमकी तीच कुणी घेतली नाही.

त्यानंतर त्याने सांगणंच सोडलं. पिशवी ठेवायची, हात धुवायचे, जेवायचं. एका नामवंत प्रकाशकाच्या टाकीत मेलेलं कबूतर निघालं. तेही तो घरी बोलला नाही. दोन महिन्यांनी बायकोच वैतागली. "बोला की काहीतरी. खोटं बोला हवं तर." तो म्हणाला, "वायसर गेलंय." ती परत यंत्रावर बसली.

परीक्षेला आठ दिवस उरले होते. रविवारी सकाळी वायसर आंघोळीला गेला असताना त्याचा फोन वाजला. मुलीने उचलला.

"हॅलो, नळवाले आहेत का? मी कवी बोलतोय."

"कोण कवी?"

हा प्रश्न त्याला कित्येक वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्याने नाव सांगितलं. पुस्तकात फोटोखाली होतं तेच. मुलीने फोन शिवणयंत्रावर ठेवला आणि स्पीकरचं बटण दाबलं. मागे पाणी कोसळत होतं आणि एक बाई ओरडत होती, "पुस्तकं उचला, आधी पुस्तकं उचला!"

"त्यांना म्हणावं लगेच या. बाथरूमचा नळ नुसता फिरतोय. आटे गेलेत! कितीही पिळा, पकड येत नाही!"

आईचा पाय यंत्राच्या पायटीवर तसाच राहिला.

"काय गेलंय म्हणालात?" मुलीने विचारलं.

"आटे!"

"आत?"

"आत नाही गं! आटे! ट! टपालातला ट! आटे गेलेत, आटे!"

"बरोबर," मुलगी म्हणाली. "पाठवते."

वायसर डोकं पुसत बाहेर आला. बायको त्याच्याकडे बघत होती, पण हसत नव्हती. मुलगी दारात उभी होती आणि पिशवी तिच्या हातात होती. "चला बाबा. आज वायसर नाही, आटे गेलेत. मीही येते."

दार कवीच्या बायकोने उघडलं. कवी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होता. मुख्य कॉक कुठे आहे हे अर्थातच कुणाला माहीत नव्हतं. वायसरला होतं. तो बाहेरच्या खोलीत गेला, सन्मानचिन्हांचं कपाट बाजूला सरकवलं आणि मागे हात घालून पाणी बंद केलं. कपाटावरचा एक पितळी हंस डुगडुगला, पण पडला नाही.

कवीची बायको त्याच्याकडे निरखून बघत होती. "तुम्हीच ना ते? यांची दाढी अर्धी राहिली होती तेव्हाचे? मी म्हटलं, अहो उरलेली तरी करून घ्या, पाहुणे यायचेत. तर म्हणे सुचलंय. ते आजतागायत."

"अगं," कवी म्हणाला.

मुलीने बॅटरी धरली. वायसर बेसिनखाली गेला. यावेळी त्याच्या तोंडात काही नव्हतं, तरी तो काही बोलला नाही. कवीला ती शांतता सोसेना. त्याने मुलीला विचारलं, "काय शिकतेस?"

"दहावीला आहे. तुमची कविता आहे आम्हाला."

"वा! समजली?"

"हो. कर्ता कोण तेही समजलं. शून्य मिळालं."

कवी हसून म्हणाला, की तो स्वतः त्या परीक्षेला बसला तर त्यालाही शून्यच मिळेल. हे तो प्रत्येक शाळेत सांगायचा आणि प्रत्येक शाळेत हशा व्हायचा. इथे पाइपातलं उरलेलं पाणी ठिबकत होतं. वायसरने जुना दांडा काढून त्याच्या हातात दिला. कवीने झिजलेल्या आट्यांवरून अंगठा फिरवला, आणि त्याच्या चेहऱ्यावर तो भाव येऊ लागला जो मागे एकदा अर्ध्या फेसात आला होता. वायसरने दांडा परत घेऊन पिशवीत टाकला.

परत येताना पिशवी मुलीकडेच होती.

"परीक्षेत काय लिहू?"

"आत लिही."

"आणि कर्ता?"

"गाळलाय म्हणून लिही. ते तर खरंच आहे." तो थोडा पुढे चालला. "मार्क घालवू नकोस त्यांच्यापायी."

रस्ता रविवारचा रिकामा होता. मुलगी त्याच्याजवळ सरकली. "म्हणजे बाबा, सगळंच खरं होतं. मी उगाच. ते कादंबरीकार, पाण्यात उभं राहून चहा करणारे..."

वायसरला इतका वेळ जे हलकं वाटत होतं ते एकदम जड झालं. आता तिने काहीही मानलं असतं. लिफ्ट तासभर अडकवता आली असती.

"चहा नव्हता दिला," तो म्हणाला. "पाणीही नाही. चपला बाहेर काढायला लावल्या, त्या वाहून गेल्या. अनवाणी आलो होतो घरी."

"आणि लिफ्ट? चाळीस मिनिटं?"

"सात."

ती थांबली. पिशवीत हात घालून तिने रुमाल काढला. कोपऱ्यावर दोन अक्षरं होती, जुनी, वायसरच्या नावाशी संबंध नसलेली.

"मग हा? ते रडले होते ना?"

वायसर समोरच्या इमारतीच्या गळक्या पाइपाकडे बघत राहिला. "रुमाल त्यांचाच आहे. रडलो मी होतो. मला अंधाराची भीती वाटते. बेसिनखाली बॅटरी दातांत धरतो ना, ती काय उगाच?"

मुलीने रुमाल होता तसा घडी केला आणि पिशवीत तळाशी, पान्याखाली ठेवला.

"हे आईला सांगू नका," ती म्हणाली. "तिच्यासाठी चाळीसच राहू द्या."